मजुरी वाढली की काम कमी होतं का? महाराष्ट्राने १९८८ साली हा प्रयोग करून पाहिलाय

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव नावाचं मोठं गाव आहे. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, कपाशी आणि तूर. विदर्भातल्या शेकडो गावांसारखंच. अशा गावात हंगामाच्या दिवसांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, "मजूर भेटत नाही." मजूर म्हणतो, "काम भेटत नाही."

दोघंही खोटं बोलत नाहीत. सोंगणीच्या पंधरा दिवसांत माणूस शोधून सापडत नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच माणूस घरी बसून असतो. आता या गावात सरकारने कायद्याने मजुरी वाढवली तर काय होईल? मजुराच्या हातात चार पैसे जास्त येतील, की शेतकरी माणसं कमी लावेल आणि आहे तो रोजही जाईल?

हा वाद सोशल मीडियावर पेटतो तेव्हा दोन्ही बाजू अमेरिकेची उदाहरणं देतात. बर्गरची दुकानं, कॅलिफोर्निया, कॉफीचे कप. पण याच प्रश्नाचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने स्वतःच्या गावांत करून पाहिलाय. तोही ३५ हून अधिक वर्षांपूर्वी.

एका गावात मजुरीचे तीन दर

आधी एक गोंधळ दूर करू. 'मजुरी वाढली' म्हणजे नेमकी कोणती? कामरगावसारख्या गावात एकाच वेळी तीन दर असतात.

पहिला कायद्याचा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने राज्य सरकार उद्योगानुसार, कामाच्या कौशल्यानुसार आणि भागानुसार वेतन ठरवत आलं. त्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता बदलतो. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झालाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आधी सरकारच्या यादीत असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू होतं, आता तत्त्वतः सगळ्यांना आहे.

दुसरा रोजगार हमीचा. मनरेगात महाराष्ट्रासाठी हा दर २०२३-२४ मध्ये २७३ रुपये होता, पुढच्या वर्षी २९७ आणि १ एप्रिल २०२५ पासून ३१२ रुपये झाला. तो केंद्र सरकार जाहीर करतं.

तिसरा गावाचा. तो कुठल्याच राजपत्रात छापून येत नाही. निंदणाला बाईचा रोज किती, फवारणीला माणसाचा किती, सोयाबीन सोंगायला एकरी गुत्ता किती, कापूस वेचायला किलोमागे किती, हे गावातच ठरतं. हंगामात दर आठवड्याला बदलूही शकतं.

किमान वेतनाची चर्चा पहिल्या दराबद्दल असते, पण गावातली चूल तिसऱ्यावर पेटते. शेतावर तपासणीला सरकारी अधिकारी येईल ही शक्यता किती असते, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे कायद्याचा दर वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी गावाचा दर वाढत नाही. तो वाढतो तेव्हा बहुतेकदा दुसऱ्या दराच्या धक्क्याने वाढतो. कारण सरकार जेव्हा स्वतः मालक बनून काम देतं, तेव्हा मजुराला पहिल्यांदा "नाही, परवडत नाही" म्हणायची सोय होते.

मागेल त्याला काम

ही सोय देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केली. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात याचा छोटा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, ही सरकारवर कायदेशीर जबाबदारी झाली. देशाचा कायदा यायला २००५ साल उजाडलं.

पैसा कुठून आला? तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप काढून बघा. प्रोफेशन टॅक्स म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. हा कर १९७५ मध्ये याच रोजगार हमीसाठी आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कामरगावच्या पाझर तलावावरची मजुरी द्यायची, अशी ती योजना होती. (या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २,५०० केली आणि तेव्हापासून तिथेच आहे.)

रोजगार हमीने मजुरांचं काय केलं, हे मोजण्याची सोय योगायोगाने कामरगावच्या जवळच होती. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९७५ पासून काही गावांमधल्या कुटुंबांच्या कमाईची नियमित नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातलं एक गाव होतं कानझरा. ते शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात येतं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी कामरगाव आणि कानझरा दोन्ही अकोला जिल्ह्यातच होती. जमीन सारखी, पाऊसही जवळपास सारखा. कानझरा आणि सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर या दोन गावांची तुलना संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, अशी हमी नसलेल्या एका गावाशी केली. महाराष्ट्रातल्या भूमिहीन कुटुंबांच्या कमाईत चढउतार बरेच कमी दिसले. म्हणजे वाईट वर्षी तळ गाठायची वेळ कमी वेळा यायची.

आणि मग मजुरी दुप्पट झाली

१९८८ मध्ये राज्य सरकारने शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट केलं. रोजगार हमीचा दर त्याला बांधलेला होता, म्हणून तोही दुप्पट झाला. मजुरांसाठी ही मोठी बातमी होती. इतक्या कमी पैशांत माती वाहायची म्हणजे वेठबिगारीच, ही टीका तेव्हा होतच होती. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात आणि १९८३ च्या राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात तेच म्हटलं होतं. किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे सक्तीची मजुरी, आणि ती राज्यघटनेच्या कलम २३ ने बंद केलेली आहे.

दर दुप्पट झाल्यावर काय व्हायला हवं होतं? जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर जास्त लोक काम मागायला येणार. हमी आहे म्हटल्यावर सगळ्यांना काम मिळणार. म्हणजे कामाचे दिवस वाढायला हवे होते.

ते घटले. आणि चांगलेच घटले.

मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी रोजगार हमीवरच्या महिनावार हजेरीचे आकडे घेऊन १९९३ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. १९८७ दुष्काळाचं वर्ष होतं आणि १९८८ ला पाऊस चांगला झाला, त्यामुळे काही घट तशीही झालीच असती. पण तेवढ्याने हिशेब जुळत नव्हता. त्यांचा निष्कर्ष असा होता की, आधीच्या कमी दरात मागेल त्याला काम मिळत होतं, दर वाढल्यावर मात्र कामाचं 'रेशनिंग' सुरू झालं. म्हणजे हमीच पातळ झाली.

यात कुणालाही कामावरून काढलं नाही, हे महत्त्वाचं. रोजगार हमीत काम नाकारल्याची नोटीस येत नाही. नवं काम सुरूच होत नाही. सुरू झालं तर लांब होतं. "यादी पाठवली आहे, मंजुरी येऊ द्या" असं सांगितलं जातं. ज्याला पायपीट झेपते तो पोचतो. ज्या बाईला घरी तान्हं मूल आहे, ती पोचत नाही.

असं का झालं, याचा हिशेब शाळकरी आहे. समजा एका भागासाठी मजुरीचे १ लाख रुपये आहेत. रोज १० रुपये दिला तर १० हजार दिवसांचं काम होतं. रोज २० केला आणि पैसे १ लाखच ठेवले तर ५ हजार दिवस. १९८८ मध्ये दर वाढला, पण तिजोरी त्याच प्रमाणात उघडली नाही.

मग अमेरिकेत उलटं कसं झालं?

इथे बर्गरवाले येतात. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्ही बाजूंची ४१० फास्टफूड दुकानं आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ च्या या निबंधावर प्रचंड वाद झाला, तो आजही पूर्ण मिटलेला नाही. पण कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं आणि 'वेतन वाढलं की नोकऱ्या घटणारच' हे वाक्य कुणी आता डोळे मिटून म्हणत नाही.

कारण समजून घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. समजा गावात मजूर लावणारे चार-पाचच मोठे शेतकरी आहेत. मजुराला दुसरीकडे जायची सोय नाही. अशा वेळी रोज कमी राहतो, तो मजुराचं काम तेवढ्याच लायकीचं आहे म्हणून नाही, तर त्याच्याकडे पर्याय नाही म्हणून. तिथे मजुरी थोडी वाढली तर मालकाचा नफा थोडा घटतो, काम चालूच राहतं. उलट, आधी इतक्या कमी पैशांत न येणारी माणसंही कामाला येतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. आंध्र प्रदेशात मनरेगाची मजुरी स्मार्टकार्डवरून वेळेवर मिळू लागली तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर पाहणी केली. गरीब कुटुंबांची कमाई वाढली, आणि त्यातली बहुतेक वाढ रोजगार हमीच्या पैशातून नव्हे तर गावातल्या खासगी कामाच्या मजुरीतून आली होती. दर वाढूनही खासगी काम घटलं नाही, उलट वाढलं. जिथे जमीन मोजक्या हातांत होती, तिथे हा परिणाम जास्त दिसला.

म्हणजे 'मजुरी वाढली की काम कमी होतं का' याचं एकच उत्तर शोधणं व्यर्थ आहे. प्रश्न असा विचारायला हवा की, वाढीव पैसे कुणाच्या खिशातून जाणार आणि तो खिसा किती ताणला जातो?

कामरगावच्या शेतकऱ्याचा खिसा

बर्गरवाला मजुरी वाढली तर बर्गर थोडा महाग करू शकतो. सोयाबीनवाला करू शकत नाही. कारंजाच्या बाजार समितीत "माझ्याकडे निंदणाचा रोज वाढला" म्हणून कुणी क्विंटलमागे दहा रुपये जास्त देत नाही.

एक हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, फक्त हमीभाव खरा आहे. एकरी ६ क्विंटल सोयाबीन झालं. त्या एकरावर निंदणापासून सोंगणीपर्यंत मिळून २० रोज लागले. रोज २५० चा ३५० झाला, म्हणजे १०० रुपयांनी वाढला, तर शेतकऱ्याचा खर्च एकरी २,००० रुपयांनी वाढतो.

आता दुसरी बाजू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. समजा बाजारात ४,२०० मिळाले. क्विंटलमागे १,१२८ गेले, ६ क्विंटलमागे ६,७६८ रुपये.

मजुरी वाढल्याने दोन हजारांचा फटका, भाव पडल्याने पावणेसात हजारांचा. तरी गावातलं भांडण मजुरीवरून होतं. यात शेतकऱ्याला दोष देऊन चालत नाही. भाव त्याच्या हातात नाही, बियाणं-खताची किंमत हातात नाही. कापता येण्यासारखा खर्च मजुरीचाच उरतो.

आणि तो कापतोही. पण सगळीकडे सारखा नाही. इथेच खरी गोष्ट आहे, कारण 'शेतमजुरी' असं एकच काम नसतं.

निंदण घ्या. हे बायकांचं काम मानलं जातं, त्याचा रोजही पुरुषाच्या रोजापेक्षा कमी असतो. (समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ मध्येच आला. पण बाई निंदते आणि पुरुष फवारतो, मग 'समान काम' म्हणायचं कशाला, अशी ही पळवाट.) निंदणाची मजुरी वाढली की तणनाशकाचा डबा येतो. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस काही तासांत ते काम उरकतो, ज्याला आधी बायकांची टोळी लागायची. म्हणजे रोजगार नुसता घटला नाही, तो बाईकडून पुरुषाकडे आणि गावाकडून कंपनीकडे गेला.

हा दबाव किती आहे बघा. तणनाशक सहन करणाऱ्या जीएम कपाशीला देशात परवानगी नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे ते बियाणं लावून आंदोलन केलं. निंदणाचा खर्च परवडत नाही, हा त्यांच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक होता.

सोयाबीनची सोंगणी घ्या. इथे रोज बहुतेकदा नसतोच, एकरी गुत्ता असतो. टोळी येते, सोंगते, हिशेब घेऊन पुढच्या शेतात जाते. गुत्ता महागला की हार्वेस्टरची चौकशी सुरू होते. पण ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला आणि काळ्या मातीत चिखल झाला की यंत्र आत जात नाही. मग टोळी म्हणेल तो दर. हार्वेस्टर आल्याने सोंगणीचे दिवस कमी होतात, पण उरलेल्या दिवसांचा दर चढतो.

आणि कापूस वेचणी. याला आपल्याकडे अजून यंत्र रुळलेलं नाही. बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. इथे किलोमागचा दर वाढला तरी माणसंच लागतात. फार तर शेतकरी शेवटची वेचणी सोडून देतो, किंवा पुढच्या वर्षी कपाशीऐवजी सोयाबीन पेरतो. तेही रोजगार घटणंच आहे, फक्त ते एक वर्षाने दिसतं आणि कुठल्या आकडेवारीत 'मजुरीवाढीचा परिणाम' म्हणून नोंदलं जात नाही.

थोडक्यात, एकाच गावात, एकाच हंगामात मजुरी वाढल्याने निंदणाऱ्या बाईचं काम जाऊ शकतं आणि कापूस वेचणाऱ्या बाईची कमाई वाढू शकते. बऱ्याचदा ती एकच बाई असते.

मग दर कमी ठेवले तर सगळ्यांना काम मिळेल?

असंही होत नाही. उन्हाळ्यात निम्मं गाव रिकामं असतं, तरी कुणी "मला शंभरात ने" म्हणत नाही. गावाचा दर एकदा चढला की उतरत नाही. सुप्रीत कौर या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या जिल्ह्यांची १९५६ पासूनची आकडेवारी तपासून हेच दाखवलं. चांगल्या पावसात मजुरी वाढते, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला तरी खाली येत नाही आणि मजुरांना कामाचे दिवस कमी मिळतात. एकाने दर पाडला तर सगळ्यांचाच पडेल, हे मजुरांना कळतं. गावात युनियन नसते, पण ही समज असते.

म्हणूनच रिकाम्या दिवसांत काम देणारी रोजगार हमी हा या सगळ्यातला कळीचा भाग आहे. आणि नेमकी तीच आता बदलली आहे.

२०२५ चा नवा कायदा आणि १९८८ चा जुना हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, विकसित भारत – जी राम जी. हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांची झाली. बातम्यांचे मथळे यावरच होते. पण कामरगावच्या दृष्टीने दुसऱ्या दोन तरतुदी जास्त महत्त्वाच्या आहेत.

एक, पेरणी आणि कापणीच्या काळात वर्षातले एकूण ६० दिवस ही कामं बंद ठेवायची. शेतकऱ्याला मजूर मिळावा हा हेतू. पण सोंगणीच्या दिवसांत मजूर जास्त दर मागू शकतो, त्याचं एक कारण म्हणजे त्याच्याकडे दुसरं काम असतं. तेच बंद झालं तर घासाघीस करताना तो एक पाऊल मागेच उभा राहणार. ज्या दिवसांत गावाचा दर ठरतो, त्याच दिवसांतला हा आधार जाणार.

दोन, पैसा. मनरेगात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत होतं. आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना ४० टक्के वाटा उचलायचा आहे. शिवाय केंद्र दर वर्षी राज्यनिहाय रक्कम ठरवणार आणि त्यापेक्षा जास्त खर्च झाला तर तो राज्याने करायचा.

इथे १९८८ चा हिशेब परत मांडून बघा. समजा एखाद्या भागाच्या वाट्याला मजुरीचे ३० लाख रुपये आले. रोज ३०० असेल तर १० हजार दिवसांचं काम. दर ४०० केला आणि रक्कम तीच राहिली तर साडेसात हजार. कागदावर १२५ दिवस आणि वाढीव दर दोन्ही असतील, पण गुणाकार जमवायला राज्याला आपली तिजोरी उघडावी लागेल. ती उघडली नाही तर कुणालाही कामावरून न काढता काम कमी होईल.

हे कमी झालेलं काम मोजायचं कसं, ही वेगळीच अडचण आहे. मनरेगात काम मागण्यासाठी ग्रामपंचायतीत नमुना ४ भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची असे. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा. पण हा हक्क पोचपावतीवरच्या तारखेपासून सुरू व्हायचा. तोंडी मागितलेलं काम आणि तोंडी मिळालेलं "बघू" यांची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे जिथे कामाची मागणी सगळ्यात जास्त दाबली जाते, तिथे सरकारी आकडेवारीत मागणीच कमी दिसते.